खोटं

कागदाची रिळं वेळेवर पोचली नाहीत म्हणून दुपारची छपाई रद्द झाली, फोरमनने सगळ्यांना सोडून दिलं आणि तो भर उन्हाचा घरी आला. किल्लीने दार उघडलं. बायको स्वयंपाकघराच्या खिडकीशी पाठमोरी उभी राहून फोनवर बोलत होती. तिच्या ताईशीच, ताईशी बोलताना तिचा आवाज शाळकरी मुलीसारखा वर चढायचा. "हो गं, अगदी शांत आहे सगळं. छान म्हणजे काय, छानच. आपल्याला कधी वाटलं होतं का? झोपते की. का नाही झोपणार? बरं, ठेवते." तिने फोन फ्रिजवर ठेवला, ओट्यापाशी गेली, एका भांड्यावरचं झाकण उगाचच सारखं केलं, आणि मग कोणाकडेही न बघता, डावा खांदा झटकन कानापर्यंत उडवून म्हणाली, "खोटं!"

बूट काढायला त्याने एक पाय उचलला होता, तो तसाच राहिला. तो शब्द त्याचा होता. नुसता शब्दच नव्हे; 'खो'वरचा तो दाब, 'टं' बी थुंकल्यासारखं बाहेर टाकण्याची ती लकब, तो खांदा, सगळं त्याचं. जवळजवळ सगळं आयुष्य तो शब्द त्याच्या तोंडून उचकीसारखा उडत आला होता. कोणी बोलत असताना, कोणी बोलत नसताना, जेवताना, रस्त्यात, रडताना. आणि शस्त्रक्रियेत डोक्यात तारा घातल्यापासून काही महिन्यांत तो गेला होता. आता तो इथे होता, बायकोच्या तोंडात. तिने पुन्हा झाकण उचललं, आत बघितलं, पुन्हा ठेवलं. तिला मागे कोणी आहे याचा पत्ताच नव्हता. पूर्वी असं झालंच नसतं. पूर्वी तो फाटकातून आत शिरला की तळमजल्यापासून घराला कळायचं. त्याने उचललेला पाय मागे टेकवला, दार जपून ओढून घेतलं आणि चोरासारखा जिना उतरला.

रस्त्यावर आल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण पळतोय. तो सावकाश चालायला लागला. दुकानांच्या काचांमधून त्याच्याबरोबर एक माणूस चालत होता, मान सरळ असलेला, खांदे पडलेले, केस परत वाढलेले. त्या माणसाकडे कोणी बघत नव्हतं. याची त्याला अजून सवय नव्हती. लहानपणापासून रस्ता म्हणजे नजरा. समोरून येणारा माणूस आधी बघणार, मग न बघितल्यासारखं करणार, आणि ओलांडून गेल्यावर वळून नीट बघणार. नजरांच्या त्या तीन पायऱ्या त्याला इतक्या पाठ होत्या की आता त्या नाहीत म्हटल्यावर पाय रिकाम्या पायरीवर पडल्यासारखा व्हायचा. माझी टिंगल करते ती, त्याच्या मनात आलं. मी नसताना. आणि मुलीसमोर, ठमीसमोरही करत असेल. दोघी हसत असतील. पण ती हसत नव्हती. हसली असती तर बरं झालं असतं. तिने तो शब्द म्हटला तेव्हा तिचा चेहरा त्याला दिसला नव्हता, नुसती मान दिसली होती, आणि मान हसत नव्हती. मग काय खोटं? शांत आहे ते खोटं? छान आहे ते खोटं? झोपते ते?

वैताग असा, की त्याच्या तोंडी त्या शब्दाला कधी काही अर्थच नव्हता. लहान असताना आधी डोळे मिचकायला लागले. शाळेतल्या बाईंना वाटलं, पोरगं वात्रट आहे. त्यांनी त्याला वर्गाबाहेर उभं केलं, आणि बाहेर तो व्हरांड्यातल्या खांबांना डोळे मिचकावत राहिला. मग खांदा आला, मग मान. त्याचे वडील, अप्पा, औषधांच्या दुकानात कंपाउंडर होते. त्यांनी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, मग जंतांचं औषध दिलं, मग कोणी सांगितलं म्हणून मानेला पट्टा बांधला. सिनेमाला गेले की अप्पा काळोखात त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून बसायचे, पुढच्यांना त्रास नको म्हणून. त्यांच्या तळव्यांना गोळ्यांचा कडवट वास यायचा. आणि एकदा मामा घरी आला होता, बैठकीत पाय पसरून बसला होता आणि म्हणाला, "मोठा झाला की आपोआप थांबेल हे सगळं, तुम्ही काळजी करू नका." आणि त्याच्या तोंडून पहिल्यांदा तो शब्द सुटला. त्याने म्हटला नव्हता. शिंक जशी आपण काढत नाही, ती आपल्याला काढते, तसं. आधी घशाच्या मागे कुठेतरी काहीतरी साचतं, खाज नव्हे, पण खाजेच्या जवळचं. कोणीतरी आत बसून दोरी पिळतंय असं. आणि ती सोडली की क्षणभर सुटल्यासारखं वाटतं, आणि लगेच नवा पीळ. अप्पांनी त्याला थोबाडीत मारली आणि मग रात्रभर त्याच्या उशाशी बसले. तेव्हापासून तो लोकांना सांगत आला होता, अर्थ नाही हो त्याला काही. गुरुजींना सांगितलं, अप्पांच्या अंत्ययात्रेला आलेल्यांना सांगितलं. चारजण अप्पांबद्दल चांगलं बोलत होते आणि तो मधूनमधून "खोटं!" म्हणत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

लोकांना मात्र अर्थ सापडायचाच. शब्द असा होता की कुठेही बसायचा. छापखान्यात त्याचं नाव जज्जसाहेब पडलं होतं. छापखाना त्याने मुद्दामच धरला होता. यंत्र सुरू झालं की त्या खोलीत तोफ उडवली तरी कळणार नाही. तिथे तो पूर्ण तोंडाने, पूर्ण मानेने हवं ते करायचा आणि शाईच्या डब्यांखेरीज कोणाचं काही बिघडत नव्हतं. बायको तिथेच भेटली. ती वरच्या मजल्यावर बांधणी खात्यात होती, फर्मे, म्हणजे छापलेले मोठे कागद, दुमडायची. जेवणाच्या सुट्टीत तिच्या समोर बसून बोलताना तो इतक्यांदा "खोटं" म्हणाला की तिने शेवटी डबा बंद केला आणि म्हणाली, "एक काय ते ठरव. तुझं माझ्यावर प्रेम आहे हे खोटं, की खोटं म्हणतोस ते खोटं?" तो हसला होता, आणि हसताना मान इतकी उडाली की मागच्या भिंतीवर डोकं आपटलं. तिचा भाऊ लग्नाच्या विरुद्ध होता. नोंदणीच्या कचेरीत अधिकारी मजकूर वाचून दाखवत होते, आपण स्वखुशीने आणि कोणाच्याही दबावाशिवाय, आणि हा म्हणाला, "खोटं!" अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून बघितलं. सही करता करता मान वर न उचलता ती म्हणाली, "साहेब, तो स्वल्पविराम समजा. पुढे वाचा."

स्वल्पविराम. तिचं सगळं बोलणं त्या स्वल्पविरामांवर चालायचं. एक वाक्य अर्धं, खोटं, उरलेलं वाक्य. ती न थांबता, न चिडता, दगड चुकवत चालावं तशी बोलायची. ठमी तर त्यातच बोलायला शिकली. बसमध्ये कोणी त्याच्याकडे बघून हसलं की ठमी उठून उभी राहायची, एवढीशी होती तरी, आणि विचारायची, "काय झालं काका? दात दुखतोय?" आता ठमी कॉलेजात होती आणि बसमध्ये तिला कोणाशी भांडायचं कारण उरलं नव्हतं, ती खिडकीबाहेर बघायची.

संध्याकाळी नेहमीच्या वेळेला तो घरी आला आणि मुद्दाम बेल वाजवली. बायकोने दार उघडलं. "किल्ली नाही नेलीस?" "विसरलो." सकाळी ती किल्ली तिनेच त्याच्या हातात दिली होती. त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. चेहरा रोजचा होता. जेवताना ठमी कुठल्या तरी सरांबद्दल सांगत होती आणि त्याला आठवलं, शब्द गेला तो दिवस असाच जेवणाच्या टेबलावर कळला होता. शस्त्रक्रियेनंतर काही लगेच जादू झाली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं की हळूहळू होईल, आणि पूर्ण होईलच असं नाही. दर भेटीला त्या हातातल्या पाटीसारख्या यंत्रावर काहीतरी दाबायच्या आणि त्याच्या डोक्यातली वीज कमीजास्त व्हायची. एका आकड्याला त्याला कारण नसताना हसू फुटलं होतं आणि थांबेना. दुसऱ्याला जीभ जड झाली, दारू प्यायल्यासारखी. आधी मान थांबली, मग खांदा बराचसा. आणि एकदा जेवताना ठमी मधेच थांबून म्हणाली, "बाबा, आज तू एकदाही म्हणाला नाहीस." तिघेही घास हातात धरून बसले, वीज चमकली की गडगडाटाची वाट बघतात तसे. काही आलं नाही. मग ठमीने तिचं वाक्य पुरं केलं. पुरं झाल्यावर बायको उठून पाणी आणायला गेली, तांब्या भरलेला असताना.

त्यानंतरच्या दिवसांत त्याला एक वाईट सवय लागली. तो चाहूल न देता घरी यायला लागला. सकाळपाळी असली की दुपारी सुटल्यावर सरळ यायचा, बूट मधल्या पायऱ्यांवरच काढून हातात घ्यायचा आणि दाराला कान लावून उभा राहायचा. एवढ्या वर्षांत त्याने स्वतःचं घर कधी ऐकलंच नव्हतं. तो ज्या घरात असायचा ते घर म्हणजे तो असताना होणारं घर. तो नसताना ते कसं असतं, हे त्याला फक्त कल्पनेने माहीत होतं. आता तो ऐकत होता. नळ. खुर्ची सरकल्याचा आवाज. ठमी मैत्रिणीला सांगत होती, "नाही गं, आता घरी नको बोलूया. बाबा आता सगळं ऐकतो." त्याला ते टोचलं, पण ते त्याला हवं होतं ते नव्हतं. त्याला हवा होता तो शब्द. तो पुन्हा ऐकला असता तर कळलं असतं, टिंगल की आणखी काही. तो आला नाही. आली ती शांतता. बायको सकाळी एका शाळेच्या कचेरीत कामाला जायची आणि दुपारी घरी यायची. आणि ती घरी आहे हे नक्की असताना आतून काहीच ऐकू यायचं नाही. एकदा तो किल्ली न वाजवता आत गेला. ती हॉलमधल्या खुर्चीत बसली होती, हात मांडीवर, पंखा बंद. हातात काही नाही, समोर काही नाही. एखाद्या कचेरीत आपला नंबर यायची वाट बघत बसावं तशी. त्याने खाकरून आवाज केला तेव्हा ती उठली आणि म्हणाली, "चहा टाकते."

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा त्याला दाराशी बूट हातात घेऊन उभा असलेला पकडला. "काय हो, किल्ली विसरलात?" "हो." "मग बेल वाजवा की. वहिनी आहेत घरात, आत्ताच गेल्या वर." आणि मग जाता जाता, "आता तुमचं येणंजाणं कळतच नाही हो. पूर्वी तुम्ही आलात की मी कुकर लावायची." त्या चांगल्या मनाने म्हणाल्या होत्या. तो कसंनुसं हसला. खोटं बोलणं किती सोपं असतं, त्याला वाटलं. हो म्हटलं की झालं. घशाच्या मागे काही साचत नाही, काही पिळत नाही.

छापखान्यातही तेच. नवीन व्यवस्थापकांनी सगळ्यांना खाली बोलावलं आणि सांगितलं, नवीन यंत्र येतंय, पण कोणाचीही नोकरी जाणार नाही, मी शब्द देतो. पूर्वी अशा सभांना जुने व्यवस्थापक त्याला मुद्दाम पुढे बसवायचे, कारण एकदा त्याने भर भाषणात "खोटं!" म्हटल्यावर सगळा छापखाना हसला होता, ते स्वतःही हसले होते, आणि हसण्यात बरंच काही निभावून गेलं होतं. आता नवीन साहेब थांबले, आणि सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. त्याला कळलं की ते वाट बघताहेत. लंबूने, ज्याच्याबरोबर तो त्याच यंत्रावर म्हातारा होत आला होता, त्याला कोपरखळीसुद्धा मारली. तो म्हणू शकला असता. तोंड होतं, शब्द होता. पण आता म्हटला असता तर तो त्याने स्वतः होऊन म्हटला असता. तो गप्प बसला आणि सगळे गप्प उठले. आणि त्याच आठवड्यात तो यंत्राच्या मागच्या बाजूला वाकून रूळ पुसत असताना लंबूने पलीकडून इशाऱ्याची घंटा न देताच बटण दाबलं. यंत्राने एकच गचका दिला. त्याची बाही ओढली गेली, फाटली, आणि हात सुटला. लंबू धावत आला, पांढराफटक. "आवाज द्यायचा ना रे! मला वाटलं तू वर आहेस." "आधी घंटा दाबायची असते ना?" "घंटा कशाला लागत होती इतकी वर्षं? तू कुठे आहेस ते मला डोळे मिटून कळायचं." मग लंबू तिथेच कागदाच्या गठ्ठ्यावर बसला आणि त्याच्या फाटलेल्या बाहीला चिमटीत धरून राहिला, ती जोडता येईल का ते बघावं तसा. ओरडावं की त्याच्या पाठीवर हात ठेवावा, त्याला कळेना. छातीत, हाडाच्या खाली, चामडीच्या आत त्या तारांना वीज पुरवणारी बॅटरीची डबी होती, तिच्यावर त्याचा हात गेला. ती नेहमीसारखीच थंडही नव्हती आणि गरमही नव्हती.

त्या दिवशी तो फाटक्या बाहीनेच दाराशी उभा राहिला. कान टेकवला आणि दार आतून उघडलं. बायको समोर. दोघांच्या चेहऱ्यांत वीतभर अंतर.

"किती वेळ उभा आहेस?"

"आत्ताच आलो."

"रोज येतोस तसा आत्ताच?" ती म्हणाली. "शाईचा वास येतो तुझा. दाराच्या फटीतून आधी वास येतो, मग तू येतोस. कधी येतच नाहीस, नुसता वासच उभा राहतो. मीही मग आत बसून राहते. म्हटलं, बघू कोण आधी थकतं." आणि मग तिची नजर बाहीवर गेली. "हे काय झालं?"

त्याने सांगितलं. तिने त्याचा हात उलटापालटा करून बघितला, एकेक बोट दुमडून बघितलं, शस्त्रक्रियेच्या आधी बोटं बधिर व्हायला लागली होती तेव्हा बघायची तसं. तेव्हा मान इतकी जोरात उडायची की मणक्यातली नसांची दोरी चेपायला लागली होती. डॉक्टरीणबाई फोटो उजेडावर धरून म्हणाल्या होत्या, असंच चाललं तर एक दिवस हात-पाय जातील. गोळ्या सगळ्या करून झाल्या, आता हेच उरलंय. त्याने गोळ्यांनी सुजलेल्या तोंडाने "खोटं!" म्हटलं होतं आणि बायकोने विचारलं होतं, कुठे सही करायची. कवटीला चौकट बसवली तेव्हा तो जागा होता. चौकटीपलीकडून बाई सांगत होत्या, बोलत राहा, काहीही बोला, आणि तो बोलत होता, बायकोबद्दलच बोलत होता, ती कशी फर्मे दुमडायची, हाडाच्या पट्टीने घडी कशी दाबायची; आणि एका क्षणी आतला पीळ सुटला. रात्रपाळीनंतर यंत्र बंद झालं की कान आपोआप उभे राहतात आणि लांबचा एखादा पक्षी ऐकू येतो, तसं. त्याला वाटलं होतं, हे तिला सांगितलं पाहिजे. घरी येऊन इतके महिने झाले, त्याने ते सांगितलं नव्हतं.

"त्या दिवशी ताईचा फोन ठेवल्यावर तू काय म्हणालीस?" त्याने विचारलं.

तिने त्याचा हात सोडला. कुठल्या दिवशी, असं ती विचारेल असं त्याला वाटलं होतं. तिने विचारलं नाही. "उद्या दवाखान्यात जायचंय," ती म्हणाली. "लवकर झोप."

दवाखान्याच्या त्या खोलीत दोन खुर्च्या नेहमी टेबलाच्या एकाच बाजूला असायच्या, परीक्षेला बसल्यासारख्या. डॉक्टरीणबाईंनी त्याला बोटं नाकाला लावायला सांगितली, चालायला सांगितलं, हातातल्या पाटीवर काही बघितलं. खांद्याचा झटका अजून थोडा शिल्लक आहे, त्या म्हणाल्या, पण मान उत्तम. मग त्यांनी बायकोकडे बघितलं. "आणि घरी कसं आहे? तुम्ही सांगा."

"छान," बायको म्हणाली. आणि थांबली. तीही थांबली आणि तोही. एवढीशी फट पडली, पूर्वी जिथे पडायची तिथेच, आणि ती भरायला कोणी आलं नाही. मग ती हळूच म्हणाली, "बाई, हे थोडं कमी करता येईल का?"

"काय कमी?"

"वीज. थोडीशी."

बाईंनी चष्मा काढला. जीभ जड होते का, झोप येत नाही का, राग येतो का, असं त्यांनी त्याला विचारलं. त्याने प्रत्येक वेळी नाही म्हटलं. त्याला त्यांचे प्रश्न लांबून ऐकू येत होते. मानेचं विसरू नका, बाई बायकोला म्हणाल्या, आवाजात थोडी धार होती. मान परत सुरू झाली तर काय होईल ते मी तुम्हाला दाखवलं होतं. "हो, हो. मी नुसतं विचारलं," बायको म्हणाली आणि पर्स उघडून त्यात काहीतरी शोधायला लागली. आकडे होते तिथेच राहिले.

तो तिच्या पुढे चालत जिना उतरला. दवाखान्याच्या कँटीनमध्ये दुपारची गर्दी ओसरली होती. एक माणूस ओल्या फडक्याने टेबलं पुसत होता. त्यातल्या एका पुसलेल्या टेबलाशी तो बसला. ती समोर बसली. चहा आला.

"तुला मी तसाच हवा होतो," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच मोठा वाटला. "लुळा पडलो असतो तरी चाललं असतं. मग तू होतीसच की करायला. सगळ्यांनी म्हटलं असतं, काय बाई आहे!"

"नको होतास," ती म्हणाली.

"काय?"

"तसा नको होतास. अजिबात नको होतास." ती कपाकडे बघत बोलत होती. "तू विचारतोयस म्हणून सांगते. ठमी व्हायच्या आधीची गोष्ट. तू कामावर गेलास आणि मी पिशवी भरली. दोन साड्या, टॉवेल, असंच काहीतरी. बसस्टँडवर गेले. माझं डोकं नुसतं भणभणत होतं. रात्री झोपेतसुद्धा तू थांबायचा नाहीस कधीकधी. मला फक्त एक अशी खोली हवी होती, जिथे एक वाक्य सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोलता येईल. बस लागली होती. कंडक्टर म्हणाला, बसा ताई, जागा आहे. मी बसलेसुद्धा."

"मग?"

"मग आठवलं, दूध बाहेर राहिलंय."

तिचा ओठ एका बाजूने हलला, आणि मग ती हसली, आणि त्यालाही हसू आलं. हे विजेचं नाही याची त्याला खात्री होती.

"खरंच रे. दूध. माझ्यासाठी, तुझ्यासाठी, प्रेम बिम काही नाही. उन्हाळा होता, वाटलं, नासेल. उतरले. घरी आले, दूध तापवलं, पिशवी रिकामी केली. तू आलास तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. तुला कधी कळलं नाही." तिने कप फिरवला. "आणि त्यानंतर कधी गेले नाही, कारण आजारी माणसाला टाकून कोण जातं? ते एक बरं असतं. ठरवावं लागत नाही. सकाळी उठलं की ठरलेलंच असतं. ताई विचारायची, कशी आहेस, मी म्हणायची छान, आणि मागून तू लगेच म्हणायचास. मला बरं वाटायचं. तुला त्याचा अर्थ नव्हता, मला होता. कोणीतरी बोलतंय ना घरात, असं वाटायचं. आता तू बरा झालास. सगळे मला सांगतात, सुटलीस. मी रोज दुपारी त्या खुर्चीत बसते आणि बघते, सुटले म्हणजे काय झालंय. कुठे जायचं असतं सुटल्यावर? आता मला कोणी धरून ठेवलेलं नाही. आता राहिले तर मी राहिले असं होईल. आणि गेले तर..."

त्याच्या छातीत काहीतरी चढत आलं. ओळखीचं नव्हतं ते. नवीन होतं, साधं, भीतीचं. "तू जाणार आहेस का?" त्याने विचारलं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "म्हणून तर तिथे तसं विचारलं मी, वेड्यासारखं. वाटलं, थोडंसं परत आलं तर मला हे ठरवावं लागणार नाही."

"अगं, पण मी..."

"थांब." तिने हात वर केला. रागाने नव्हे; फर्मा दुमडताना पानं सरकू नयेत म्हणून तळवा ठेवायची तसा. "मध्ये बोलू नकोस. अजून माझं संपलेलं नाही."

फडकं घेतलेला माणूस कप उचलायला आला. याने मान न वळवता हातानेच त्याला नको म्हणून खूण केली. तिचा चहा गार झाला होता. तिने खुर्ची थोडी पुढे ओढली आणि बोलायला लागली.